तुम्ही विचारलंत म्हणून : सिस्टरना मुलांच्या इमर्जन्सीचं वेगळं ट्रेनिंग कशाला?

लग्नात, एसटीत, रंकाळ्यावर फिरताना, मी काय काम करते हे कळलं की ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर असतातच की तिथं. मग सिस्टरना लहान मुलांचं आणि वेगळं काय शिकवता?" कोल्हापुरात माणसं तोंडावर विचारतात, त्यामुळं उत्तरही तसंच देते. डॉक्टर असतात, पण मुलाजवळ आधी पोचते ती सिस्टर. गगनबावड्याहून १०८ मधून आलेलं मूल कॅज्युअल्टीच्या दारात उतरतं, तेव्हा डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटपाशी गुंतलेले असू शकतात. हे मूल थांबू शकतं की नाही, हे त्या मिनिटात कुणीतरी ठरवायचं असतं. ते ठरवायला आणि मोठ्यानं सांगायला शिकवणं, हे माझं काम.

मोठ्या माणसाचं हृदय पुष्कळदा अचानक बंद पडतं. मुलांमध्ये तसं क्वचित होतं. आधी श्वास थकतो, किंवा जुलाब-उलट्यांनी, रक्तस्रावानं अंगातलं पाणी-रक्त कमी पडतं, आणि हृदय सगळ्यात शेवटी थांबतं. म्हणजे मधे थोडा वेळ मिळतो, बघणाऱ्याला बघता आलं तर. म्हणून मॉनिटर जोडायच्या आधी दारातूनच तीन गोष्टी बघायला लावते. मूल आईकडं बघतंय की मान टाकलीय, श्वासाला किती कष्ट पडताहेत, आणि कातडीचा रंग कसा आहे. रडणाऱ्या मुलाकडं सगळे धावतात. गप्प पडलेलं मूल रांगेत मागं राहतं, आणि जास्त धोका बहुतेक वेळा त्यालाच असतो.

"पोट उडतंय ओ बाळाचं," असं कागलकडची एखादी आजी म्हणते, तेव्हा तिनं निम्मं काम केलेलं असतं. उरलेलं सिस्टरनं घड्याळ बघून करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर तो जलद. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावाच लागतो. बीपीचंही तसंच. मुलाचं शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं. आकडा घसरेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. त्याआधी हातपाय गार पडतात, नाडी पळते, नख दाबून सोडलं की रंग परतायला वेळ लागतो.

मग येतं गणित, आणि वर्गातले चेहरे उतरतात. मुलांचं प्रत्येक औषध वजनावर. हृदय थांबलेल्या दहा किलोच्या मुलाला शिरेतून ॲड्रिनलीन लागतं ०.१ मिलिग्रॅम; ट्रेमधल्या एक मिलीच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीत, असतं १ मिलिग्रॅम. ते दहा मिलीपर्यंत पातळ करून त्यातलं एक मिली द्यायचं. घाईत अँप्यूल तशीच ओढली तर डोस दहापट. आणि वजन तरी कुठं माहीत असतं? गुऱ्हाळावर उकळत्या रसानं भाजलेलं पोर काट्यावर कोण ठेवणार? उंचीवरून वजन सांगणारी टेप मिळते, पण ती अमेरिकेतल्या मुलांवरून बेतलेली. आपली पोरं अंगानं किरकोळ, टेप बऱ्याचदा जास्त वजन दाखवते. मी म्हणते, अंगणवाडीत शेवटचं वजन किती भरलं होतं, ते आईला विचारा.

हे सगळं पाठ होतं. अवघड जातं ते बोलणं. आमच्या मुलींना जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, असल्यापासून खाली मान घालून "हो सर" म्हणायची सवय लागलेली असते. म्हणून ड्रिलमध्ये मी डॉक्टर होते आणि मुद्दाम चुकीचा डोस सांगते. जी सिस्टर तो निमूटपणे भरते, तिला पुन्हा उभं करते. "सर, दहा किलोला एक मिलिग्रॅम जास्त होतंय, परत सांगता का?" हे वाक्य घशातून बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. दोघींनी मिळून छातीवर पंधरा दाब आणि दोन श्वास देणं त्यामानानं सोपं.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं हा आणखी वेगळा विषय. पुष्कळ ठिकाणी बारा वर्षांपुढचं मूल मोठ्यांच्या वॉर्डात जातं, आणि तिथं ते कुणाचंच नसतं. निकालाच्या दिवसांत विषबाधेची मुलगी आली की भोवती सहा नातेवाईक, आणि त्यांच्यासमोरच विचारलं जातं, "का केलंस गं असं?" ती काय बोलणार? नातेवाइकांना बाहेर बसवा, शेजारी स्टूल घ्या, हळू बोला. उपचार सुरू ठेवूनही हे करता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचंच मानलंय. गुन्हेगार नव्हे. तरी वॉर्डातले टोमणे थांबत नाहीत, आणि ते मारण्यात आमचाही स्टाफ असतो. याचा मला राग येतो.

"मग एकदा ट्रेनिंग झालं की झालं ना?" नाही. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, पण हात काही महिन्यांतच विसरायला लागतात. ड्युटी बदलताना दहा मिनिटं ट्रेनिंगच्या पुतळ्यावर सराव केला तरी पुरतं. पण एका नाईटला सिस्टर एक आणि पेशंट चाळीस, तिथं ती दहा मिनिटं आणायची कुठून? त्यामुळं कुठल्याही वॉर्डात गेले की मी आधी पुतळ्याच्या कपाटाची चावी कुणाकडं आहे ते विचारते. बहुतेक वेळा ती इन्चार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये असते, आणि इन्चार्ज दुपारीच घरी गेलेल्या असतात.