कणकुंबीचा पाऊस आणि दादाचं जॉइनिंग

जुलैत कणकुंबीला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. बेळगावहून निघून जांबोटी ओलांडली की पाऊस जो धरतो तो सोडतच नाही. मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, सगळं छत्रीखालून पाहिलं. बाकीचा मुक्काम मावशीच्या सोप्यात.

तिथंच दादाही अडकलेला. हा माझा मावसभाऊ कंटेनरच्या बोटीवर एबी आहे, सुकाणूवर उभा राहणारा खलाशी. नऊ महिन्यांचा करार संपवून मे महिन्यात साइन ऑफ होऊन उतरला, तो पुढच्या बोटीवरच्या जॉइनिंगच्या फोनची वाट बघत अजून घरीच. घरात रेंज नाही, म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोप्याच्या खिडकीला टांगलेला. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका, यलो फीवरच्या लसीचं कार्ड, सगळं तांदळाच्या डब्यात, कारण इथं पावसाळ्यात चपलांनाही बुरशी धरते. भात टाकायचा तर आधी सीडीसी बाहेर काढायची, मग तांदूळ.

येणारा-जाणारा छत्री झटकत विचारणार, “कवा जाणार गा परत?”

दादा हसून म्हणतो, “बोलावलं की.”

संताप मला यायचा. लोकांना ही सुट्टी वाटते. अहो, बोटीवरून उतरला त्या दिवसापासून त्याचा पगार बंद! एकानं तर “सिंगापूर बघून आलास, मजा हाय बाबा” असंही ऐकवलं.

“क्रेन बघितल्या,” दादा म्हणाला.

बोट धक्क्याला लागते ती काही तासांपुरती, आणि ते तास वॉचचा पहारा, दोरखंड आणि लॅशिंग म्हणजे कंटेनर बांधण्या-सोडण्यातच जातात. 2004 साली बंदरांच्या सुरक्षेचे नवे नियम आल्यापासून गेटबाहेर पडणंही कित्येक ठिकाणी मुश्कील. धक्का रिकामा नसला तर बाहेर नांगर टाकून थांबायचं, आणि रात्रभर नांगर घसरत नाही ना ते बघत बसायचं. “तिथं थांबायचा निदान पगार मिळतो गं.”

कंपनीचं मुंबईचं ऑफिस ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर अडलंय. दादा कॅलेंडरवर घरातले दिवस पेनानं खोडतो. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले की एनआरआयपण जातं आणि कराचं सगळं गणित फिरतं. मावशीचं गणित निराळं. चतुर्थी होईपर्यंत फोन येऊ नये म्हणून ती माउलीला हात जोडते. हे तिनं मला चुलीपाशी सांगितलं, वर “त्याला बोलू नकोस हं” म्हणून बजावलं.

त्याला ठाऊक आहे. निघताना बॅग उचलून देत म्हणाला, “आईनं नवस बोललाय. रेंज कुठली यायला?”