पोत्यावर पन्नास, काट्यावर अठ्ठेचाळीस

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. ऑक्टोबरातला सोमवार, आणि शाळेतल्या दुपारच्या जेवणाची चव घ्यायची पाळी माझी होती. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी वार वाटून घेतलेत. भात शिजला की वाढण्याच्या अर्धा तास आधी एका शिक्षकानं आणि दोघा पालकांनी खायचं, चव नोंदवहीत वेळ टाकून सही करायची. ही सही कुणी उरकून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. १६ जुलै २०१३ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ लेकरं गेली. तेलात कीटकनाशक होतं. अर्धा तास आधी खायचं ते यासाठी. नुसतं मीठ बघायला नव्हे.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवी, पट ११८. त्यातली ८२ लेकरं पाचवीपर्यंतची, ३६ सहावी-सातवीची. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्याच्या २१व्या कलमानं ही समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बाया, अध्यक्ष पालकांतलाच, आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव. पालक सभेत हात वर करून निवड होते. मी सत्ताविसाव्या वर्षी निवडून आले. समितीत सगळ्यांत लहान. वयानं लहान असल्याचा एक फायदा असतो, धाकटीनं काटा आणायला पळावं यात कुणाला काही वाटत नाही.

पावणेबारा वाजता तांदळाचा टेम्पो आला. दोन महिन्यांचा माल, अकरा पोती. हमालानं भराभर व्हरांड्यात उतरवली आणि ड्रायव्हरनं पावती पुस्तक पुढं केलं. त्यावर ५५० किलो आधीच लिहिलेलं होतं.

"सर, सही द्या. पुढं अजून सहा शाळा हायेत."

आमचे मुख्याध्यापक सर पेन काढत होते. माझं लक्ष पोत्यांच्या तोंडाकडं गेलं. गिरणीतून आलेल्या पोत्याची शिलाई यंत्राची असते, टाके एकसारखे, बारीक दोऱ्याचे. चार पोत्यांना सुतळीचे लांब लांब टाके होते, हातानं सुई घालून घेतलेले. आणि एका पोत्याच्या कुशीला हुकाचं भोक, खाली मुठभर तांदूळ सांडलेला. नुसत्या सुतळीवरून चोरी झाली असं म्हणता येत नाही. पोतं वाटेत फाटतं, गोदामात परत शिवतात. पण हाताची शिलाई दिसली की ते पोतं मधे कुठंतरी उघडलं होतं एवढं नक्की, आणि मग मोजल्याशिवाय घ्यायचं नाही.

मी सरांना म्हटलं, "सर, मोजून घेऊ."

"ताई, पोत्यावर पन्नास छापलंय की," ड्रायव्हर म्हणाला.

इथं एक गोष्ट नव्या सदस्यांनी ध्यानात ठेवावी. एकट्या सदस्याला कसलाच अधिकार नसतो. जो आहे तो समितीला. मी एकटीनं माल अडवला असता तर ते भांडण झालं असतं. म्हणून आधी अध्यक्ष अण्णांना फोन लावला, मग शेजारच्या रानात काढणीला असलेल्या आमच्याच एका सदस्य वहिनींना. दोघं वीस मिनिटांत आले. तोवर ड्रायव्हरदादांना शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी चहा दिला आणि मी गावातल्या अडत दुकानातून शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. सोयाबीनच्या दिवसांत काटा मिळणं अवघड, एका तासाच्या बोलीवर मिळाला.

काटा आणला म्हणजे मोजणी बरोबर झाली असं नाही. व्हरांड्याची फरशी पाणी निघावं म्हणून उताराची असते. तिथं ठेवून अडत्याकडचंच वीस किलोचं लोखंडी वजन टाकलं तर काटा १९.७० दाखवायला लागला. आत वर्गात सपाट जागा बघून ठेवला, चारी पाय टेकलेत का ते हात लावून पाहिलं, शून्य केलं, वजन परत टाकलं, तेव्हा २०.०० आले. हे सगळं ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर केलं, मुद्दाम. त्याला नंतर काट्यावर बोट ठेवायला जागा उरू नये आणि आपल्याकडूनही त्याच्यावर अन्याय होऊ नये, दोन्हीसाठी.

दुसरा प्रश्न बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाचा. पोत्यात निव्वळ तांदूळ पन्नास किलो हवा, म्हणजे पोत्यासकट जास्त भरायला हवं. किती जास्त? एक रिकामं पोतं मोठ्या काट्यावर ठेवलं तर आकडा नीट थांबत नाही. मागच्या खेपेची दहा रिकामी पोती झटकून, एकत्र बांधून ठेवली. ५.८० किलो. म्हणजे पोत्याला ५८० ग्रॅम, आणि भरलेलं पोतं ५०.५८ यायला हवं.

मग एकेक पोतं. अण्णा आकडा मोठ्यानं वाचायचे, वहिनी लिहायच्या, ड्रायव्हर स्वतः बघायचा. ४८.२०. ४८.६०. तिसरं ५०.४०. ४७.९०, ४८.३०. भोकाचं पोतं ४६.१०. पुढं ४८.८०, ५०.५०, ४७.६०, ४८.४०, ४८.००. यंत्राच्या शिलाईची सात पोती होती, त्यातली दोनच पन्नासच्या वर गेली, हे मला अनपेक्षित होतं. नुसती शिलाई बघून निवडक पोती मोजली असती तर निम्म्याहून जास्त तूट सुटली असती. सगळीच मोजायची, तीच खरी पद्धत. बेरीज ५३२.८०, बारदाना वजा ६.३८, निव्वळ तांदूळ ५२६.४२ किलो. तूट २३.५८.

तूट कुठं झाली ते शाळेच्या दारात बसून सांगता येत नाही. गोदामात, गाडीत, हुकानं, ओलावा सुकून, की कुणी काढून. पाच कारणं असू शकतात. समितीचं काम चोर धरण्याचं नाही. शाळेत किती आलं ते खरं लिहिणं, एवढंच तिच्या हातात असतं.

आणि तेवढं का महत्त्वाचं, ते त्या दिवशी सरांनीच सांगितलं. आधी गप्प होते. काट्याजवळ बसून म्हणाले, "मी दरवेळी पन्नासवर सही करतो आणि मग वर्षभर ते ओढत बसतो."

ओढत म्हणजे कसं, ते बघा. सही ५५० वर झाली की साठा नोंदवहीत ५५० चढतात. रोजचा खर्च मात्र कुणी मोजून लिहीत नाही, तो हजेरीवरून निघतो. पाचवीपर्यंतच्या लेकराला १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून पुढं १५०. पोषण आहाराच्या ॲपवर जेवणाऱ्यांची संख्या भरली की तांदूळ आपोआप वजा होतो. दोन महिन्यांनी कागदावर तेवीस-चोवीस किलो शिल्लक दिसतात आणि कोठीत पोतं रिकामं. तपासणीला कुणी आलं तर उत्तर मुख्याध्यापकाला द्यायचं. मग तीनच वाटा राहतात. पातेल्यात रोज थोडं कमी टाकायचं, पदरचे पैसे घालून तांदूळ आणायचा, नाहीतर हजेरी वाढवून दाखवायची. पहिल्या वाटेनं लेकरू अर्धपोटी राहतं. दुसरी कुणाला किती दिवस परवडणार? म्हणून तिसरी.

तिसरीच सगळ्यांत वाईट आहे, कारण ती कुणाला दिसत नाही. आमच्या भागातली कुटुंबं दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला जातात. लेकरं बरोबर जातात. ती मागं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालतं, आणि त्यासाठी कोण जाणार, कोण गेलं याची यादी याच समितीला करावी लागते. जिथं तांदूळ जुळवायला हजेरी भरली जाते, तिथं गेलेलं लेकरू वहीत हजर असतं. वहीत हजर असलेल्या लेकराला शोधायला कोण जाणार? दोन किलोनं हलकं असलेलं पोतं असं हजेरीपटापर्यंत जातं, आणि वाटेत शाळेतल्या कुणी एक दाणाही खाल्लेला नसतो.

पावतीचं काम सरळ होतं. तीन प्रती, तिन्हींवर आधी लिहिलेल्या ५५०च्या खाली सरांनी लिहिलं: "वजन करून निव्वळ ५२६.४२ किलो मिळाले. २३.५८ किलो कमी." आकड्यात आणि अक्षरी. खाली सरांची, अण्णांची, वहिनींची आणि माझी सही, तारीख, वेळ. कार्बन प्रतीवर उमटलं का ते उलटून पाहिलं, कारण शाळेच्या प्रतीवर शेरा आणि पुरवठादाराच्या प्रतीवर काहीच नाही असं झालं तर शेऱ्याला किंमत उरत नाही. ड्रायव्हरनं आधी सही नाकारली. अण्णा त्याला म्हणाले, "बाबा, तू चोर नाहीस. तुला जेवढं दिलं तेवढंच तू आणलंस, हेच तर लिहितोय. उद्या तुझ्यावर आलं तर हाच कागद कामी येईल." मग त्यानं सही केली. सगळ्या मोजणीचा तक्ता वेगळ्या कागदावर, त्याचा आणि शिलाईचा फोटो. त्याच दुपारी पंचायत समितीतल्या शालेय पोषण आहार अधीक्षकांना पत्र, जावक क्रमांक घालून, प्रत केंद्रप्रमुखांना. फोन केला होता, पण फोनची नोंद राहत नाही.

एवढ्यात जेवणाची वेळ झाली. काटा परत द्यायला पंधरा मिनिटं होती, म्हणून स्वयंपाकघरातला डबाही मोजून घ्यावा असं ठरलं. मावशी गेली कित्येक वर्षं एका ॲल्युमिनियमच्या डब्यानं तांदूळ घालतात, सगळे त्याला दोन किलोचा डबा म्हणतात. पाच डबे शिगोशीग भरून पोत्यात ओतले: १०.७५ किलो. पाच डबे हातानं सपाट करून: ९.२५. म्हणजे शीग असेल तर डबा २ किलो १५० ग्रॅम, सपाट १ किलो ८५०. एका डब्यात ३०० ग्रॅमचा फरक, तीन लेकरांचं जेवण. मावशींचा हात उदार, त्या शीगच घालायच्या. त्यांची चूक नव्हती, त्यांना माप कुणी करून दिलंच नव्हतं. दोन किलो सपाट तांदूळ डब्यात घालून, आतून जिथं पातळी आली तिथं खिळ्यानं रेघ ओढली, तीही गळ्याजवळ जेमतेम मावली, कारण आधी डबा ठोकून तांदूळ बसवावा लागला. ठोकायचं की नाही हेही ठरवावं लागतं. आता तीन वेळा ठोकायचं असं ठरलंय.

त्या दिवशी ताटं मोजली तर ९७: पाचवीपर्यंतची ७१, वरची २६. तांदूळ ७.१ आणि ३.९, एकूण ११ किलो. बाकी हिशेबासाठी तक्ता शोधत बसायची गरज नाही, दोन्ही गटांना एकच प्रमाण लागू पडतं: तांदळाचा पाचवा भाग डाळ, निम्मी भाजी, विसावा भाग तेल. ११ किलोला २.२ किलो डाळ, साडेपाच किलो भाजी, ५५० ग्रॅम तेल. हे कुठल्याही पालकाला तोंडी करता येतं, आणि पातेल्याशेजारी उभं राहून भाजी खरंच निम्मी आहे का ते डोळ्यांनी दिसतं. तांदूळ सहसा कमी पडत नाही. भाजी पडते.

मोजणी नेहमी ताटांची करावी, हजेरीपटाची नको. पटावर त्या दिवशी १०१ होते. चार लेकरं हजेरी देऊन मधल्या सुट्टीआधीच रानात गेली होती. वर्गशिक्षकांनी खोटं लिहिलं नव्हतं, पण जेवणाचा आकडा ९७ च हवा, आणि तो वाढून झाल्यावर भरायला हवा, सकाळी नाही.

संध्याकाळी समितीची बैठक लावली. दोन ठराव झाले. यापुढं माल उतरताना समितीतले किमान दोन पालक हजर राहतील आणि प्रत्येक पोतं मोजलं जाईल. दुसरा, शाळेचा स्वतःचा काटा लोकवर्गणीतून घ्यायचा. इतिवृत्तात मोजणीचा पूर्ण तक्ता उतरवला, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह. अशा वेळी "तांदळाबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलं जातं, आणि सहा महिन्यांनी ते वाक्य कशाच्याही कामाचं नसतं. कोठीतला जुना शिल्लक ३८ किलो तांदूळ पुढं ओढून ठेवला, नवीन पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर रचली, जुना तांदूळ आधी संपवायचा असं मावशींना सांगितलं.

तुटीचा तांदूळ आम्हाला भरून मिळालेला नाही. पण साठा नोंदवहीत ५२६.४२ चढले आणि ते पत्रानिशी मान्य झाले, त्यामुळं शाळेला कागदावरचे तेवीस किलो कुठं शोधावे लागले नाहीत. पुढच्या खेपेला टेम्पोवाल्यानं आदल्या दिवशी सरांना फोन केला, काटा आणून ठेवा म्हणून. दहा पोत्यांत एकच हलकं निघालं, ४९.१० चं.

आता तेल बघायचंय. पिशव्या एक लिटरच्या येतात आणि नोंदवहीत किलोत चढतात. लिटरभर सोयाबीन तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पिशवीमागं ९० ग्रॅम, म्हणजे छोट्या वर्गांतल्या अठरा लेकरांच्या वाट्याचं तेल, नुसतं लिहिण्यात जातं.