आईचा आवाज

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मानसशास्त्राच्या वर्गाला मी दर वर्षी हिचकॉकचा 'सायको' (१९६०) हा सिनेमा दाखवते. यंदा वर्गात एक जन्मांध मुलगी होती. एव्ही हॉलमध्ये तिच्या शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते हळू आवाजात सांगत गेले. नायिका मॅरियन चोरलेले ४०,००० डॉलर घेऊन निघाली. पाऊस, वायपर, मोटेल.

शॉवरमधल्या तिच्या खुनाचा प्रसंग जवळ आला तशी मला धास्ती वाटायला लागली. जेमतेम पाऊण मिनिटाचा प्रसंग, पण चित्रीकरणाला ७ दिवस लागले होते. इतके बारीक तुकडे सांगायचे तरी कसे? "शॉवरच्या पडद्याआड सावली आहे," एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं किंचाळली तशी तिने माझं मनगट घट्ट धरलं. हिचकॉकला खरं तर इथे संगीत नकोच होतं. हरमनने तरीही ते लिहिलं, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. संगीत थांबलं, पाणी पडतच राहिलं. मग टक, टक, टक.

"पडद्याच्या कड्या निघतायत," माझ्याआधी तीच म्हणाली.

रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, कृष्णधवलमध्ये ते खपून गेलं, हे मी तिला नंतर सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे तिथे चॉकलेटचा वास येत असेल!" इतकी वर्षं हा सिनेमा शिकवतेय, पण वासाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

चर्चेत सगळे मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनच्या चेहऱ्यावर आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांवर बोलत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, त्याच्या आईचा आवाज एकाच माणसाचा नाहीये. मध्येच बदलतो."

अगदी खरं होतं. व्हर्जिनिया ग्रेग, जिनेट नोलन आणि पॉल जॅस्मिन, म्हणजे दोन बायका आणि एक पुरुष, अशा तिघांचे आवाज तोडून-जोडून ती आई तयार केली होती. मी हे वाचलेलं होतं, पण कानाला कधीच जाणवलं नव्हतं.

मग प्रोजेक्टरचा प्रकाश झाकला आणि नॉर्मनचं आईशी होणारं भांडण पुन्हा लावलं. मॅरियनलाही ते खिडकीतून फक्त ऐकूच येतं. सगळा वर्ग डोळे मिटून बसला. आवाज बदलला की ती बोट वर करायची, आणि तिच्या हाताकडे बघायला मी तेवढी डोळे उघडे ठेवून होते. तिसऱ्यांदा लावल्यावर मीही डोळे मिटले. तेव्हा कुठे मला पहिला सांधा ऐकू आला.