दारावर चिकटलेला रस्ता

ठाण्यात नवा डांबरी रस्ता झाल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आधी गाडीच्या दारावर छापून येते. गाडी पांढरी असेल तर ठळक अक्षरांत. चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या कडेला, बंपरच्या कोपऱ्यावर काळे ठिपके. घोडबंदर रोडवर काही वर्षं काढली की ते वाचताही येतात. बारीक आणि दाट असतील, तर गाडी ओल्या टॅक कोटवरून गेली. नवा थर टाकण्याआधी जुन्या रस्त्यावर डांबराचा पातळ फवारा मारतात, तो. मोठे, पोटात खडीचा कण घेतलेले असतील, तर गणपतीच्या आधी घाईने बुजवलेला खड्डा. भर पावसात खड्डे भरायला जे थंड मिश्रण आणतात, त्यातलं डांबर मुद्दामच मऊ ठेवलेलं असतं, नाहीतर गार असताना ते पसरणार कसं? चाकं ते उचलतात आणि आपल्याच दारावर फेकतात. गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की कासारवडवलीच्या सोसायट्यांमध्ये एकाच नक्षीच्या गाड्या उभ्या दिसतात. रस्ता करा म्हणून ओरडणारे आपणच, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे नेणार?

पार्किंगमध्ये यावर सल्ले भरपूर. गाडी पुसायला येणारा पोरगा नखाने खरवडून बघतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका पेट्रोलचा बोळा सुचवतात. त्यांच्या काळी घरात रॉकेल असायचं, त्याने निघायचं. वागळे इस्टेटमधला डेंटर-पेंटर गाडीकडे न बघताच म्हणतो, "साहेब, रबिंग मारून देतो, एकदम नवी." या तिघांत काका शास्त्राच्या सर्वांत जवळ आहेत. डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरणारा जड भाग. पाण्याशी त्याचं जमत नाही. शाम्पू कितीही फेसाळला तरी ठिपक्याला नुसती आंघोळ घडते. ते विरघळतं आपल्याच गोतावळ्यातल्या द्रवात. फणस कापायच्या आधी हाताला आणि विळीला खोबरेल लावणारी कोकणातली कुठलीही आजी हे रसायनशास्त्र जाणून असते. चीक पाण्याने हटत नाही, तेलाने सुटतो. खोबरेल डांबरावरही चालतं, निलगिरीचं तेल त्याहून बरं. फक्त खोबरेलाला वेळ फार लागतो, आणि रविवारची सकाळ काही अमर्याद नसते.

काकांच्या पेट्रोलची अडचण वेगळीच. ते पटकन उडून जातं. डांबर मऊ व्हायच्या आत बोळा कोरडा, मग माणूस घासायला लागतो, आणि ठिपक्यातली खडी रंगावर रेघा ओढते. शिवाय बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ कोंडवणं म्हणजे आगीला निमंत्रण. टार रिमूव्हर म्हणून जी बाटली मिळते तिच्यात बहुधा पेट्रोलियमचेच द्रावक असतात, पण बरेचदा जरा सावकाश उडणारे. काहींत संत्र्याच्या सालीतून निघणारं लिमोनीन असतं. वास बरा, आणि कामही चोख.

कुठली घ्यावी, याचं उत्तर मी बाटलीपेक्षा गाडीच्या इतिहासात शोधतो. कारखान्यातला रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत पक्का झालेला असतो. त्यावरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, तरी दोन मिनिटांच्या द्रावकाला तो सहसा दाद देत नाही. पण ठोकर लागून दार गॅरेजमध्ये रंगवलेलं असेल तर सांभाळून. जोडलेल्या गाडीला भट्टीइतकी उष्णता देता येत नाही, आतलं वायरिंग आणि प्लास्टिक वितळेल. म्हणून तो रंग कारखान्यातल्याइतका पक्का नसतो, आणि ताजा असेल तर जहाल द्रावकाने मऊही पडतो. हेडलाइटची काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट. तिच्यावर असला द्रव उडाला तर ती धुरकट होऊ शकते. रबरी पट्ट्या आणि न रंगवलेलं काळं प्लास्टिक यांच्यापासूनही बाटली लांबच बरी. हल्लीच्या एसयूव्हीचा खालचा घेर असल्याच प्लास्टिकने मढवलेला असतो, आणि डांबर नेमकं तिथेच जास्त बसतं. तिथे मी सरळ दुर्लक्ष करतो. काळ्यावर काळं कुणाला दिसतंय!

आणि फवारल्यावर जांभळी धार सुटते ती बाटली वेगळी. ती लोखंडाच्या कणांसाठी, ब्रेकच्या धुळीसाठी. जांभळा रंग बघून लोक खूश होतात, डांबर मात्र जागच्या जागी.

वापरायची रीत सोपी आहे, पाळायला अवघड. गाडी सावलीत, पत्रा गार, वरची धूळ आधी धुतलेली. कोपऱ्यात एका ठिकाणी चाचणी. मग फवारा, आणि थांबायचं. इथेच आपण कमी पडतो. डाग दिसला की घासायचं, हे आपल्याला भांडी, फरशी आणि शाळेच्या गणवेशाची कॉलर यांनी शिकवलेलं. काही न करता गाडीसमोर उभं राहिलं तर जाणारे-येणारे विचारतात, "काय, बिघडली का?" मिनिटभराने ठिपक्यांतून तपकिरी ओघळ उतरू लागतात. तेव्हा मायक्रोफायबरचं कापड हलकेच फिरवायचं, दर वेळी नवी घडी पुढे करायची. उरलंसुरलं दुसऱ्या फवाऱ्याला जातं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही, सुकू तर अजिबात द्यायचं नाही. नंतर शाम्पूने धुवायचं, आणि त्या जागी वॅक्स पुन्हा लावायचं, कारण द्रावकाने डांबराबरोबर जुनं वॅक्सही नेलेलं असतं. हातात मोजे हवेत. भिजलेलं कापड उघड्या गटारात पिळू नये. आपली गटारं पुढे खाडीलाच मिळतात.

गाडीवर डांबर कमी आणि बाटलीत द्रव जास्त, असं होतं. उरलेल्या द्रवाने काचेवरच्या जुन्या पार्किंग-स्टिकरचा गोंदही छान निघतो, ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर गेल्यापासून आमची बाटली आमच्या घरी नाही. शेवटची ती बी विंगमध्ये दिसली होती.