पित्ताची गोळी चहाच्या आधी

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की निफाड-दिंडोरीकडच्या मेडिकलमध्ये एक जोडी हमखास मागितली जाते: कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक आणि सोबत 'पित्ताची गोळी'. जोडी चुकीची नाही, पण ती जशी घेतली जाते त्यात घोटाळा आहे.

पित्ताची गोळी म्हणजे पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोल. ही औषधं जठरात आधीच साठलेलं आम्ल मारत नाहीत. ती आतड्यातून रक्तात जातात आणि तिथून जठराच्या पेशींमधले आम्ल सोडणारे पंप बंद करतात. त्यातही जे पंप त्या वेळी चालू असतात तेच बंद होतात, आणि पंप चालू होतात खाण्यामुळे. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर. साडेसातला मिसळ खायची असेल तर गोळी पावणेसातला. उठल्यावर चहा-बिस्किट, मग गोळी, मग दहाला नाश्ता असा क्रम असेल तर औषधाचा बराच भाग वाया जातो. जळजळ झाली की एक, असंही हे औषध नाही. पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. तोवर ॲंटासिडचं पातळ औषध घेता येतं, पण पोटातली जखम भरून काढायचं काम त्याच्यावर सोडू नये.

ओमेप्रॅझोलची कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. म्हाताऱ्या माणसाला गिळायला सोपं जावं म्हणून ते दाणे कुटून दिले, की आवरण फुटतं आणि औषध जठरातच नासतं.

आता अल्सर, म्हणजे जठर-आतड्याच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. गोळी आम्ल कमी करते, जखमेला भरायला सवड मिळते. लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या अल्सरला साधारण 4 आठवडे, जठरातल्या अल्सरला 8. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून पाकीट ठेवून देणं, ही नेहमीची चूक. पण मुळात जखम झाली कशाने? तिखटाने नव्हे. मिसळीने जळजळ वाढेल, अल्सर होत नाही. मुख्य कारणं दोनच: वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 साली नोबेल मिळालं. जंतू असेल तर आम्लाच्या गोळीबरोबर अँटिबायोटिक्सचा सहसा 14 दिवसांचा कोर्स लागतो. तो अर्धवट सोडला तर जंतू उरतो आणि अल्सर परत येतो. जंतू गेला का, हे पाहायची तपासणी कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी करावी, आणि त्याआधी 2 आठवडे पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

वेदनाशामकांबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: 'जेवून घेतली की बाधत नाही.' ही औषधं रक्तातून जाऊन जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत करतात, त्यामुळे इंजेक्शननेही तेच होतं. वय 65 च्या पुढे, आधी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड चालू, अशांनी वेदनाशामक घ्यावंच लागलं तर जोडीला पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज हवी, दुखेल त्या दिवशीच नव्हे. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल टाळतात, कारण ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात.

उलट, कारण नसताना हीच गोळी वर्षानुवर्षं चालू असलेली माणसंही गल्लोगल्ली आहेत. त्यातून बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. अचानक बंद केली तर आम्ल काही आठवडेही उसळी मारू शकतं आणि माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होणं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, किंवा पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ: यात गोळी वाढवून घरी थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट नसते. शंका असली तरी, रात्र असो वा दिवस, लगेच हॉस्पिटल गाठावं आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.