न कापलेली पाने

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवत असतानाची, जुलै महिन्यातली ही हकिगत आहे. त्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता, वाळपईकडून येणाऱ्या रस्त्यावर झाड आडवे झाले होते, वीज गेली होती आणि चारही वर्गांची मिळून अकराच मुले शाळेत पोहोचली होती. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात शिकवलेले कोणालाच ऐकू जाईना, म्हणून मी ग्रंथालय आवरायला काढले. ग्रंथालय म्हणजे कार्यालयातले एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली माझ्याकडे असे, आणि नोंदवहीतले एखादे पुस्तक कमी भरले, तर जाबही मलाच द्यावा लागे.

मुलांनी वाचावे यासाठी मी काही करत नव्हते असे नाही. दर शनिवारी प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचे आणि सोमवारी त्याचा दहा ओळींचा सारांश वहीत लिहून घ्यायचा, असा माझा शिरस्ता होता. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या वह्यांचे कौतुकही केले होते. त्या सकाळी मात्र प्राण्यांच्या गोष्टींचे एक पुस्तक पुसताना ते मधूनच उघडेना. पाहिले तर वरच्या कडेची घडी कापायची छापखान्यातच राहून गेली होती, आणि नवव्या पानापासून पुढची पाने जोडीजोडीने बंद होती. मी नोंदवही काढली. ते पुस्तक तोवर सहा मुलांनी नेले होते. वह्या चाळल्या तेव्हा सहांपैकी चौघांचे सारांश एकसारखेच निघाले, कारण ते मलपृष्ठावरच्या मजकुराची नक्कल होते. चारही सारांशांखाली लाल शाईने मी 'उत्तम' असे लिहिले होते.

त्या चौघांपैकी चौथीतला एक मुलगा त्या दिवशी हजर होता. मी त्याला बोलावून, रागावल्याचे दिसू न देण्याचा प्रयत्न करत, पुस्तक पुढे धरले आणि विचारले, "तुवें हें वाचलें मरे?" त्याने मिटलेल्या पानांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि खाली मान घालून म्हणाला, "वाचलें जाल्यार बरोवंक पडटा, बाई."

वाचले तर लिहावे लागते. नऊ वर्षांच्या मुलाने माझ्या वाचनसंस्कारांचा इतका नेमका हिशेब मांडलेला ऐकून मला काही बोलता येईना. दरवर्षी १२ ऑगस्टला, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या ग्रंथपाल दिनाला, मी त्यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र, 'पुस्तके उपयोगासाठी आहेत', फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीत असे. आणि कार्यक्रम संपला की कपाटाला पुन्हा कुलूप लावत असे. आमच्याकडची बहुतेक मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमाकडे वळतात, घरी कोकणी बोलतात, आणि छापील मराठीशी त्यांची खरी सलगी व्हायची ती या चार वर्षांतच. त्यातला प्रत्येक शनिवार मी गृहपाठात जमा केला होता.

मी कपाटाची दोन्ही दारे सताड उघडली, जमिनीवर दोन चटया अंथरल्या आणि सांगितले, की हवे ते घ्या, आवडले नाही तर ठेवून द्या, काहीही लिहायचे नाही. मुलांचा विश्वास बसायला वेळ लागला. पहिलीतल्या दोघींनी चित्रांचे पुस्तक उलटे धरून हसायला सुरुवात केली, तेव्हा कुठे बाकीची हलली. त्या मुलाला मी पोलादी पट्टी दिली आणि घडीत ती कशी सरकवायची, ते दाखवले. तो जीभ दातांत धरून एकेक घडी कापू लागला. पण सगळी पाने आधी कापून मग वाचायचे, हे त्याला जमेना. एक जोडी कापायची, तेवढे वाचायचे, मग पुढची कापायची, असे त्याचे चालले होते. मीही एक कादंबरी घेऊन चटईवर बसले. पाठ्यपुस्तकाखेरीज काही वाचताना मुलांनी मला तोवर पाहिलेच नव्हते, हेही तेव्हाच ध्यानात आले.

शाळा सुटताना पाऊस तसाच होता. तो पुस्तक छातीशी धरून दारात थांबला. "बाई, हांव हें घरा व्हरूं?" भिजले तर काय, हा प्रश्न सवयीने ओठांवर आला होता. मी दुधाची रिकामी पिशवी शोधून दिली.

नऊ दिवसांनी पुस्तक परत आले. कोपरे दमटपणाने फुगले होते आणि एका पानावर फणसाच्या गऱ्याचा पिवळा डाग होता. मी उघडून पाहिले, तर शेवटच्या गोष्टीची पाने अजून जोडलेलीच होती. "फुडें बरें लागना, बाई," तो माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, "दुसरें दियात." मी कपाटापासून बाजूला झाले.