पोतेन्झाची जुनी दप्तरं आणि 300 युरोंचा चुना

इटलीहून अमेरिकेत आलेले नवऱ्याचे पणजोबा दक्षिण इटलीतल्या ‘पोतेन्झाचे’, एवढंच सासरी सगळ्यांना पाठ. न्यू जर्सीत चार पिढ्या हेच सांगत आल्या. प्रत्यक्ष पोतेन्झात जाऊन नोंदी चाळल्या, तर त्या आडनावाचं चिटपाखरूही नाही! जहाजाच्या यादीत ‘पोतेन्झा’ असेल तर तो बहुतेक वेळा जिल्हा असतो, हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. त्यातून माटेरा जिल्हा वेगळा झाला 1927 साली. त्याआधीचा अख्खा बासिलिकाता प्रांत या एका नावात मावतो. मुंबईत ‘आम्ही रत्नागिरीचे’ म्हणणारा शेवटी दापोलीजवळच्या वाडीतला निघतो, तशातली गत.

तेव्हा गावाचं नाव हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यू यॉर्कमध्ये स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या बेटाच्या, प्रवासी याद्या ऑनलाइन फुकट बघता येतात. 1907 पासूनच्या याद्यांत जन्मगाव आणि मायदेशातल्या जवळच्या नातलगाचा पत्ता असतो. आमचे पणजोबा 1903 मध्ये आले, परत गेले आणि 1909 मध्ये पुन्हा आले. असं ये-जा करणारे तेव्हा पुष्कळ होते, म्हणून दुसरी खेप जरूर शोधा. आमचं गाव तिथेच सापडलं. सप्टेंबर 1906 नंतरच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जातही जन्मगाव मिळतं. आणि ‘एलिस आयलंडवर कारकुनाने आडनाव बदललं’ ही घरोघरची कथा सोडून द्या. यादी नेपल्सलाच जहाज कंपनीची माणसं करायची, न्यू यॉर्कला ती फक्त पडताळली जायची. मूळ इटालियन स्पेलिंगनेच शोधा.

गाव कळलं की आधी इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘आन्तेनाती’ पोर्टल. तेही फुकट. दक्षिणेत जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदी 1809 पासून, सिसिलीत 1820 पासून, एकीकरणानंतर बहुतेक इटलीत 1866 पासून. वर्षाच्या शेवटी नावांची सूची असते, तिथून सुरुवात करा. तारखा अक्षरी लिहिलेल्या असतात. इटालियन आकडे आणि महिने पाठ करून जा, बाकी मजकूर ठरावीक साच्याचा. बायकांची नोंद माहेरच्या आडनावाने असते, हे आपलं नशीब.

पोतेन्झा शहर 819 मीटर उंचीवर, स्टेशन खाली आणि जुनं गाव वर. बॅगा घेऊन चढत बसू नका, सार्वजनिक सरकते जिने आहेत. तिथल्या जिल्ह्याच्या सरकारी अभिलेखागारात नोंदी बघायला पैसे पडत नाहीत आणि 2017 पासून स्वतःच्या मोबाइलने फोटो काढणंही मोफत आहे. तिथे मागायची गोष्ट म्हणजे 1866 पूर्वीच्या लग्नांना जोडलेली कागदांची जुडगी, ‘प्रोचेसेत्ती’. नवऱ्या मुलाचा बाप वारलेला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला लावायचा, मग आजोबांची संमती, तेही नसतील तर त्यांचाही दाखला. कोपऱ्यात दोऱ्याने टाचलेल्या एका जुडग्यातून आम्ही थेट 1750च्या आसपास पोचलो. त्या दुपारी मला जेवणाचीही शुद्ध नव्हती.

माटेरा सुंदर आहे. त्यावर ढीगभर लिहिलेलं सापडेल.

खरी दमछाक गावच्या बसची. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं. शाळेच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं, सुट्टीतलं वेगळं, आणि रविवारी बस नाहीच असं धरून चाला. डोंगरातली वळणं पोट ढवळून काढतात. आम्ही पोचलो तेव्हा नगरपालिकेची खिडकी बंद व्हायच्या बेतात होती, कारण काम फक्त सकाळी, तेही ठरावीक वारी. परतीची बस संध्याकाळी. गाडी भाड्याने घ्या, विषय संपला.

आता ते 300 युरो. निघण्याआधी एका मध्यस्थाने ‘नवी सरकारी फी’ म्हणून एका दाखल्याचे तेवढे उकळले होते. 2025 पासून शंभर वर्षांहून जुन्या दाखल्याला 300 युरोंपर्यंत आकारायची मुभा नगरपालिकांना आहे खरी. पण ‘पर्यंत’, आणि त्या नगरपालिकेने तसं ठरवलं असेल तरच. या गावाने ठरवलंच नव्हतं! खिडकीवरच्या बाईंनी दाखला हातात ठेवला आणि पैसे विचारल्यावर नुसती मान हलवली. त्यामुळे आधी नगरपालिकेला इटालियनमध्ये ईमेल करा, फी विचारा, आणि भरायची असेल तर थेट त्यांनाच, ‘पागोपीए’ या सरकारी ऑनलाइन भरणा सेवेवरून पावतीसह.

ऑगस्टमध्ये जाऊ नका. पंधरा तारखेच्या सणाच्या आगेमागे सगळी इटली कुलूपबंद. आणि पणजोबांच्या जोरावर इटालियन पासपोर्ट मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. मे 2025च्या कायद्याने नव्या अर्जांसाठी साधारणपणे आईवडील किंवा आजीआजोबांपर्यंतच धागा चालतो. आम्ही हौसेने गेलो होतो. तुम्ही त्यासाठी जाणार असाल, तर आधी वकिलाला विचारा.